परिवर्तित युवकाचं भाषण

मी गुंड कधीच नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लातूरच्या भरल्या सभागृहात उभं राहून मी गुंड होतो असं मीच सांगितलंय आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्यात.

झालं होतं ते एवढंच. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चौक आहे. तिथं एका दादाचा वाढदिवस झाला. दादा म्हणजे प्लॉटच्या भानगडीत पोरं पुरवणारा, दुकानदारांना दम देणारा आणि गणपतीत देवापेक्षा मोठा स्वतःचा फोटो लावणारा माणूस. त्यानं केक तलवारीनं कापला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बारावीच्या गणितात दोनदा आपटलो होतो, वडील कॉलेजात कारकून. त्या समारंभात माझा वाटा असा, की कुणीतरी माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणालं, "शूटिंग कर." मी केली. दुसऱ्या कुणाच्या तरी शूटिंगमध्ये शूटिंग करणारा मी दिसलो. ती क्लिप फिरत फिरत पोलिसांकडे गेली आणि त्यांनी क्लिपमधली सगळी तोंडं उचलून आणली. फक्त दादा सोडून. दादा म्हणे बाहेरगावी होता.

वडील चौकीत येऊन हात जोडून मला घेऊन गेले. ऑटोत माझ्याकडे न बघता म्हणाले, "केक तरी खाल्लास का?"

"न्हाई."

"मग कशापायी गेलतास?"

याचं खरं उत्तर इतकं फालतू आहे की सांगायची लाज वाटते. संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती.

माझ्यासोबत उचलला गेला तो आमच्या शेजारचा माझा दोस्त. त्याला वडील नव्हते. आई क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. तो भाड्याचा ऑटो चालवायचा. त्याच्या उजव्या भुवईवर एक खूण होती. सहावीत असताना माझ्या सायकलवर डबलसीट बसून पडला होता, त्याची. आणि त्याच्यावर एक खरोखरची केस होती. पानटपरीवरच्या भांडणात त्यानं एकाच्या डोक्यात सोड्याची बाटली घातली होती. म्हणजे आमच्या दोघांत धोका कुणाला जास्त होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण आंधळ्यांना कुणी प्रकल्प देत नाही.

प्रकल्पाच्या आधी मात्र एक हवालदार बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या. गुडघे दुखायचे म्हणून खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायच्या आणि उठल्यावर शिवी द्यायच्या. त्यांनी आम्हा सहा पोरांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "उद्यापासनं रोज साडेपाचला इथं यायचं. आठला सोडीन."

दोस्त म्हणाला, "येऊन काय करायचं, बाई?"

"काय न्हाई. बसायचं."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर मी तुझ्या मायच्या मेसमधी येऊन बसीन."

आम्ही गेलो. कायद्यात ते बसत होतं की नाही, मला माहीत नाही. चौकीबाहेर लिंबाखाली एक लांब बाकडं होतं, त्यावर आम्ही सहा जण अडीच तास बसायचो. मोबाईल बाईंच्या टेबलावर. कधी त्या पेपर वाचायला लावायच्या, मोठ्यानं, आणि अडखळलं की म्हणायच्या, "हाव, आन् तू भाई होनार." कधी चौकीतला माठ भरायला सांगायच्या. बाकी वेळ नुसतं बसणं. असला कंटाळा मी आयुष्यात कधी अनुभवला नाही. पण साडेपाच ते आठ हीच चौकात दादाची माणसं जमायची वेळ होती. त्या वेळात कुणाला तरी फोन जायचा, कुठल्या तरी प्लॉटवर उभं राहायला पोरं लागायची. आमचे फोन बाईंच्या टेबलावर वाजून वाजून थांबायचे. दीड महिन्यानं वाजायचेच बंद झाले. हाकेला ओ न देणारं पोरगं दादाच्या काय कामाचं?

बाकड्यावर दोस्त गाड्यांच्या गोष्टी करायचा. त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता. मी ऐकायचो. तेवढ्यात आठ वाजायचे.

मग लातूरहून पोरं सुधारायचा प्रकल्प आला.

प्रकल्प आला म्हणजे आधी फ्लेक्स आला. त्यावर पिंजऱ्यातून उडणारं कबुतर होतं आणि सात पाहुण्यांचे फोटो. आमच्यासाठी आलेल्या फ्लेक्सवर आमच्यासाठी जागा नव्हती. मागोमाग समन्वयक मॅडम आल्या, लॅपटॉप आणि दोन सहायकांसह. त्या बोलायला गोड होत्या, प्रत्येकाला 'बेटा' म्हणायच्या आणि आमच्या गल्लीला 'वस्ती'. माझे वडील हे ऐकून दोन दिवस जेवले नाहीत नीट. वीस वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी तिथं घर बांधलं होतं आणि पत्ता लिहिताना ते आवर्जून 'नगर' लिहायचे.

चौकीतल्या साहेबांनी बाईंना सांगितलं, आता अधिकृत काम सुरू झालंय, तुमची हजेरी बंद करा. बाईंनी आमचे मोबाईल परत दिले आणि म्हणाल्या, "जावा. तिकडं चहा-बिस्कीट हाय म्हनं."

नोंदणी मंगल कार्यालयात होती. माझा दोस्त त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन आला होता. ड्रायव्हिंगचं मोठं लायसन काढून देणार, असं त्यानं फ्लेक्सवर वाचलं होतं. रांगेत तो माझ्या पुढं होता.

मॅडमनी विचारलं, "बेटा, तुझ्यावर गुन्हा वगैरे दाखल आहे का?"

"हाव. एक हाय."

"अरेरे. मग नाही रे घेता येणार."

"का?"

"आपला प्रकल्प प्रतिबंधात्मक आहे. गुन्ह्याकडे वळू शकतील अशा मुलांसाठी. तू तर..." त्यांनी हातानं तसं काही केलं, जसं एसटी निघून गेल्यावर आपण करतो.

"म्हंजी मी आधी यायला पायजे होतं?"

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. पोरगं हुशार आहे याचं त्यांना कौतुक वाटलं असावं.

तो फोटो खिशात घालून निघून गेला. मी पुढं सरकलो. माझ्यावर केस नव्हती, क्लिप होती. मॅडमचा चेहरा उजळला. असा लाभार्थी सापडणं अवघड असतं म्हणे: कागदावर कोरा आणि तलवारीच्या शेजारी उभा. बाकीच्या जागा भरायला त्यांनी शाळेतून मुलं आणली. त्यातला एक तर स्कॉलरशिपच्या परीक्षेची तयारी करत होता. त्याच्या फॉर्मवरही 'धोक्यातील युवक' असं छापलेलं होतं. त्याच्या आईनं विचारलं तेव्हा सहायक म्हणाला, "काही नाही हो, सगळ्यांच्याच फॉर्मवर आहे."

मग तीन महिने आमच्यात परिवर्तन चाललं. भगव्या-निळ्या ट्रॅकसूटमध्ये आम्ही दीर्घ श्वास घेतला. रोपं लावली, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून ती मरायच्या आत फोटो काढले. विश्वास वाढवण्याचा एक खेळ होता. डोळे मिटून मागं पडायचं आणि मागच्यानं झेलायचं. माझ्या मागच्या पोराला तेवढ्यात शिंक आली. डोक्याला टेंगूळ आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "यातूनही आपण काय शिकलो, सांग बरं?" एक व्याख्याते मोटारीनं यायचे आणि मोहावर बोलायचे. सगळं सकाळी दहा ते बारा. संध्याकाळी साडेपाच वाजता प्रकल्प घरी गेलेला असायचा आणि चौकात दादाची खुर्ची मांडलेली असायची. हे मी एकदा मॅडमना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "बेटा, आमचीही फॅमिली आहे."

माझा दोस्त त्या काळात पुन्हा चौकातून जाताना दिसायला लागला होता. थांबायचा नाही, पण ऑटो हळू व्हायचा.

शेवटच्या महिन्यात मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. लातूरला मोठा कार्यक्रम होता, पाहुणे येणार होते, तिथं एका परिवर्तित युवकानं मनोगत मांडायचं होतं. माझा आवाज चांगला होता. बाईंनी बाकड्यावर पेपर वाचून घेतला होता त्याचा उपयोग असा झाला.

मी जे झालं ते सांगितलं. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. "हे थोडं फिकं होतंय. तलवार कधीतरी हातात घेतलीच असशील ना?"

"न्हाई, मॅडम."

"आठवून बघ."

मी आठवून बघितलं. आठवायला बसलं की काहीही आठवतं. पहिल्या दिवशी मी तलवारीला हात लावला. दुसऱ्या दिवशी ती उचलली. "दिली कुणी?" मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, एका मित्रानं. "कसा होता तो? लोकांना चित्र दिसलं पाहिजे." आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच चेहरा आला, कारण मला दुसरा मित्रच नव्हता. मी भुवईवरची खूण सांगितली. मॅडम म्हणाल्या, "वा!"

कुणी जबरदस्ती केली नाही, हे नोंदवून ठेवतो. मला कौतुक आवडलं. बारावी नापास झाल्यापासून कुणी मला 'वा' म्हणालं नव्हतं.

प्रकल्पाच्या जीपनं आम्ही लोहा-अहमदपूरवरून लातूरला गेलो. सभागृहात एसी होता. माझ्या आधी चार पाहुणे बोलले. त्यातल्या एकाला कार्यक्रम कशाचा आहे हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तो ठिबक सिंचनावर बोलला. मग माझं नाव पुकारलं. मी माईक धरला, समोर बघितलं, आणि मॅडमनी लिहून दिलं होतं त्याच्यापुढं गेलो. भुवईवर खूण असलेला माझा मित्र रोज संध्याकाळी पोरं गोळा करतो, म्हणालो. त्याच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं तलवारी ठेवल्यात, म्हणालो. किती ठेवल्यात तेही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मी आणखी एक वाक्य टाकलं, की मी त्यालाही या मार्गावर आणीन. टाळ्या थांबेनात. मुख्य पाहुण्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता. मला एका कंपनीत नोकरी लावून देतो, असं त्यांनी माईकवरच जाहीर केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दोस्ताची आई आमच्या दारात उभी होती. हाताला कणीक तशीच. मेसमधून उठून आली होती.

"का रं, शेडमधी काय हाय म्हनून सांगितलास?"

भाषणाचा व्हिडिओ प्रकल्पानंच टाकला होता आणि तो आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचला होता.

"मावशी, ते..."

"पोलीस आल्ते. समदं शेड उपसले. माजं पातेलं हाय तिथं, जुनी शेगडी हाय. तुला ठावं न्हाई का? लहानपनी तितंच लपायचास की तू." तिचा आवाज चढला नाही. "त्येला नेलेत. मारलालेत म्हनून सांगून राह्यलेत."

आतून वडील बाहेर आले. त्यांनी व्हिडिओ बघितला होता, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. चार दिवस ते ऑफिसात पेढे वाटावेत का या विचारात होते आणि भुवईवरच्या खुणेशी येऊन अडकले होते. ती जखम झाली तेव्हा दवाखान्यात तेच घेऊन गेले होते.

"खरं हाय का हे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग बसलास कशाला?"

मी आधी मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे बघ, मनोगतात थोडं इकडं-तिकडं होतंच. पण आता तू फिरलास तर सगळ्या प्रकल्पावर प्रश्नचिन्ह येईल. पुढच्या आठवड्यात मूल्यमापन आहे. आणि तुझी नोकरी?"

"पण त्याला मारून राहिलेत, मॅडम."

"त्याच्यावर आधीची केस आहेच ना," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा मला त्यांचा राग आला असं सांगायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे अर्धा तास मी नोकरीचाच विचार करत बसलो. मग आईनं माझ्यापुढं पोह्यांची बशी आणून ठेवली आणि तशीच उचलून परत नेली. तेव्हा मी चपला घातल्या.

चौकीत हवालदार बाई होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्या गुडघा चोळत होत्या.

"म्हंजी तू तिथं माईकवर खोटं बोललास."

"हाव."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. बाई मला घेऊन ठाण्यात गेल्या, मोठ्या साहेबांसमोर. साहेबांनी कागद वाचला आणि मला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. त्या सगळ्या रास्त होत्या. पोलिसांना खोटी माहिती दिली म्हणून तुलाच आत टाकतो, म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, ह्यानं पोलिसांला काय सांगितलंच न्हाई. पाव्हण्यांला सांगितलं. आपुनच व्हिडिओ बघून गेलो." साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि फाइलीत लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडलं. मी आणि त्याची आई फाटकाबाहेर उभे होतो. तो लंगडत बाहेर आला. समोर रस्त्याच्या पलीकडं दादाची काळी गाडी थांबलेली होती. वकील दादानं पाठवला होता. माझा कागद पोचायच्या आधीच तो तिथं बसलेला होता. प्रकल्पाकडून कुणी आलं नव्हतं. येणार तरी कसं, तो त्यांच्या यादीत नव्हता.

मी पुढं झालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लई भारी बोलतोस यार तू." मग आईच्या हाताला नुसता हात लावला आणि रस्ता ओलांडून गाडीत बसला.

सगळ्या गल्लीतून प्रकल्पाच्या काळात दादाकडं गेलेला तो एकमेव पोरगा. तो पोचवण्याचं काम आम्ही केलं, प्रकल्पानं आणि मी, मिळून. अंतिम अहवालात हे आलं नाही. त्यात माझा फोटो मात्र आहे, माईक धरलेला, खाली 'परिवर्तित युवक' असं लिहिलेलं. मी लिहून दिलेल्या कागदाबद्दल कळल्यावर मॅडमनी मला ग्रुपमधून काढून टाकलं, पण फोटो छापून झालेला होता. मूल्यमापन उत्तम झालं असं ऐकलं. नोकरीचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

हवालदार बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली आणि साहेबांनी त्यांच्या 'दीर्घ सेवेचा' उल्लेख केला. बाकड्याचा नाही. ते बाकडं आता आतल्या खोलीत आहे, त्यावर जप्तीचा माल ठेवतात.

मी लातूरला आलो. वडिलांच्या ओळखीच्या एका माणसाचं मोटार वायंडिंगचं, म्हणजे पाणीपंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं. मालक सकाळी नऊ ते रात्री आठ राबवून घेतो, चुकलं की तांब्याची तार अंगावर फेकतो आणि माझ्या भविष्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तीन वर्षांत मी जळलेली मोटार हात लावून ओळखायला शिकलो. त्या सभागृहावरून मी अनेकदा जातो. तिथं अजूनही फ्लेक्स लागतात. आता व्यसनमुक्तीचे असतात.

दोस्त दोन वर्षं दादाकडं होता. एका प्लॉटवरच्या मारामारीत त्याचा पाय मोडला. दादाचा एकही माणूस सरकारी दवाखान्यात फिरकला नाही. वकील पाठवायला सोपा असतो, डबा आणायला कुणीतरी लागतं. डबा त्याची आईच न्यायची. पाय बरा झाल्यावर ती त्याला घेऊन बिलोलीला तिच्या भावाकडं गेली. घर सोडलं, मेस सोडली. आता तो मामाचा टेम्पो चालवतो.

मी तिकडं तीनदा गेलो. पहिल्यांदा तो घरात असून बाहेर आला नाही. मामी म्हणाली, गावाला गेलाय. त्याच्या चपला दारातच होत्या. दुसऱ्यांदा मी अंगणात तासभर बसलो आणि त्याच्या आईशी बोललो. तिनं मला मोटारीचं काम कसं असतं ते विचारलं, माझ्या आईचं कसं चाललंय ते विचारलं. बाकी काही नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो टेम्पोत सिमेंटची पोती भरत होता. मी माफी कशी मागायची ते वाटेत ठरवून आलो होतो, चांगली वाक्यं जुळवली होती. तोंड उघडलं तशी त्यानं हात वर केला.

"बोलू नको. लई बोललास तू."

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. त्यानं ते ओढून घेतलं आणि एकट्यानंच पाठीवर टाकलं. मोडलेला पाय जरा वाकडा पडतो त्याचा, पण तोल जात नाही. सगळी पोती भरून होईपर्यंत मी बाजूला उभा राहिलो. मग तो हात झटकत माझ्याजवळ आला, घराकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "माय चहा करून राहिली. पी आन् जा."

मी चहा प्यालो आणि निघालो.